चाक फिरतंय तोवर

आमच्या सुनेला तोंडात स्क्रू धरायची खोड आहे. एखाददुसरा असता तर मी बोलले नसते. ओठांच्या कडेला रांगच लावते, कुंपणाला खुंट्या ठोकाव्यात तशी. आपण विचारावं, "अगं, दूध तापवलंस का?" तर म्हणते, "हं." "मी काय विचारलं?" तर म्हणते, "हं हं." पहिलं हं कशाचं आणि दुसरं कशाचं, ते आपलं आपण ओळखायचं. उलट बोलणाऱ्या सुना मी पुष्कळ पाहिल्यात, मी स्वतः त्यांतलीच होते. उलट बोलणारीशी भांडता तरी येतं. हिच्याशी भांडायचं म्हणजे कुलूप लावलेल्या दारावर डोकं आपटायचं. दाराचं काही जात नाही.

खोड माहेरची आहे. बाप शिंपी, त्याचा जन्म टाचण्या ओठांत धरून गेला. मुलगी बघायला गेलो तेव्हाही तो कुणाच्या तरी कोटाची बाही बेतत होता. मी विचारलं, "मुलगी स्वभावानं कशी आहे?" तो म्हणाला, "हं." मी तेव्हाच उठायला हवं होतं. पण माझ्या मुलानं मुलगी आधीच बघून ठेवली होती, आम्ही आपले चहा प्यायला गेलो होतो. पुढे भावाच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसून बसून हिच्या टाचण्यांचे स्क्रू झाले, एवढाच काय तो फरक.

आता माझं सांगते. मला सगळे गिरणीवाली म्हणतात. आमचे हे गेले तेव्हा लोक म्हणाले, बाईमाणूस काय गिरणी चालवणार, विकून टाक. मी विकली नाही. पट्टा चढवायला शिकले, जात्याला टाकी लावायला शिकले, छिन्नीचा घाव चुकला की अंगठा कसा सुजतो तेही शिकले. माझ्या हातचं पीठ कधी करपलं नाही. कुणाचा डबा कुणाला गेला नाही. लांबून लांबून लोक दळण घेऊन यायचे, दारात डब्यांची रांग लागायची, आणि रांगेत पुढे घुसणाऱ्याला मी असं काही बोलायची की तो पुढच्या वेळी सगळ्यांत मागे उभा राहायचा.

त्या वर्षी पीक कापायला आलं आणि पाऊस आला. येऊन गेला असता तर चाललं असतं, तो मुक्कामाला राहिला. ओंब्यांना उभ्या शेतात कोंब फुटले. जे वाचलं ते लोकांनी बियाण्याला ठेवलं आणि खायला दुकानातलं पिशवीतलं पीठ आणायला लागले. पिशवीतलं पीठ म्हणजे मेलेलं पीठ, त्याला वास नाही की ऊब नाही. पण भुकेला कुठलं कळतंय. दारातली रांग गेली. उरलेसुरले दोन-चार डबे यायचे तेही ओल्या धान्याचे. जात्याला लगदा चिकटायचा, मोटार कण्हायची. एके दिवशी तिनं धूर सोडला आणि गप्प झाली. आतली तार जळून काळी झाली होती. दुरुस्त करून आणली असती, पण दळायचं काय? हवा?

तरी मी रोज सकाळी खोली उघडून बसायची. झाडून घ्यायची, बंद जात्यावरून फडकं फिरवायची, दाराशी स्टूल टाकून बसायची. गिरणी बंद पडली असं कुणी म्हणायला नको.

तशी बसलेली असताना धाकटे भावजी आले. माझे दीर. सिमेंट-लोखंडाचा धंदा, अंगानं सुटलेले, बोलणं मात्र अगदी लोण्यासारखं. हातात मोजायची टेप. आले ते मला "कशा आहात वहिनी" म्हणाले आणि खोली मोजायला लागले. लांबी घेतली, रुंदी घेतली. मग दाराची रुंदी घेताना माझं स्टूल आडवं आलं.

"वहिनी, जरा पाय घ्या वर."

माझ्या खोलीत, माझ्या स्टुलावर बसलेल्या मला हा माणूस पाय वर घ्यायला सांगतो! आणि सांगायची गोष्ट म्हणजे मी घेतले. चटकन घेतले. ते पाय वर घेणं माझ्या पोटात कित्येक दिवस राहिलं.

"काय चाललंय भावजी?"

"चाक थांबलं की हो, वहिनी."

मग मला कळलं. आमचे सासरे जाताना वाटणी करून गेले होते. शेत आणि रस्त्यावरचं घर धाकट्याला, गिरणीची खोली आणि मागचं राहतं घर आम्हांला. पण म्हातारा गिरणीवेडा. खोलीला त्यानं अट घातली होती: या खोलीत चाक फिरतंय तोवर खोली थोरल्याच्या घरची, चाक थांबलं की धाकट्याची. बंद गिरणी माझ्या माघारी कुणी सांभाळत बसायची नाही, म्हणाला. हे तो चार माणसांत बोलला होता. त्यांतले तीन त्याच्याच मागे गेले. एक आमचा सुतार तेवढा उरला. कागद नाही, काही नाही. पण आमच्याकडे म्हाताऱ्याचा शब्द कागदापेक्षा जड.

"मोटार जळलीय," मी म्हटलं, "गिरणी नाही जळली."

"मी कुठं घाई करतोय?" भावजी टेप गुंडाळत म्हणाले. "पुढच्या महिन्यात माझा सिमेंटचा ट्रक येतोय. तोवर चाक फिरलं तर ठीक, मी माझी पोती दुसरीकडे टाकीन. नाही फिरलं तर मात्र बाबांचा शब्द. तुमचं वय झालं आता, वहिनी. आराम करा."

जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ते हे असं. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि आत येऊन जात्याच्या कडेवर बसले. सून समोर कुणाचा तरी मोबाइल उघडून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ओठांतले स्क्रू तळहातावर काढून ठेवले. ती स्क्रू काढते तेव्हा काहीतरी मोठं बोलणार असते, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं.

"आई, या खोलीतली लाईन चालू आहे ना? मोटारीची, जाडी?"

"आहे. बिलही येतंय तिचं, फिरो न फिरो."

"मग आपण दुसरं काहीतरी दळू."

आणि तिनं मला ते सांगितलं. नाणं काढायचं यंत्र. हे नाणं हातात येत नाही, वाजत नाही, खिशात टाकता येत नाही, ते तारांमध्येच असतं. जगभर माणसं यंत्रं लावून बसलीत. यंत्राला आकड्यांची कोडी येतात, ते रात्रंदिवस सोडवत बसायचं. सगळ्यांची यंत्रं मिळून सोडवतात, आणि ज्याच्या यंत्रानं जेवढं काम ओढलं तेवढी त्याला नाण्याची कणी मिळते.

"म्हणजे दळण लोकांचं, गिरणी आपली, आणि आपल्याला दळणावळ," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "भावाला समजवायला मला आठवडा लागला होता."

"तुझा भाऊ गिरणीत बसला नाही कधी. आणि पीठ कुठं पडतं?"

"पीठ नाही पडत, आई."

"बिनपिठाची गिरणी. बरं. चोरीची वीज नाही ना लागत?"

"नाही. मीटरवरचीच. बिल भरून थोडं उरेल. भाव पडला तर नाहीही उरणार."

मला हे आवडलं. जो माणूस नाहीही उरणार म्हणतो तो लबाड नसतो. पण यंत्र आणायचं कशातून? मुलगा टेम्पो चालवतो. त्याचा टेम्पो जेवढं आणतो त्यातलं अर्धं टेम्पोच खातो. संध्याकाळी तो आला, जेवता जेवता ऐकलं, आणि म्हणाला, "तुम्ही दोघी ठरवा." माझा मुलगा गुणी आहे. दोन बायकांच्या मध्ये कसं बसावं हे त्याला उत्तम कळतं. भिंतीला टेकून.

सून म्हणाली, "मोटार भंगारात दिली तर? आतलं तांबं आहे. पट्ट्याची लोखंडी चाकं आहेत, स्टँड आहे."

मी घास ठेवला. मोटार विकली की जातं परत कधी फिरणार नव्हतं. ते यंत्र चाललं तर चाललं. नाही चाललं तर भावजींनी अटीची आठवण करून द्यायचीही गरज नव्हती, आम्हीच आमच्या हातानं चाक उपटून दिलं असतं. मी तिला म्हटलं, "हे तुला कळतंय ना?"

"हं," ती म्हणाली. तोंडात स्क्रू नसतानाही.

मी दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याला बोलावलं. त्यानं पकड काढली आणि बोल्ट सोडवायला लागला. मी म्हटलं, "थांब. आधी हात धुऊन ये." तो म्हणाला, "भंगाराला हात धुऊन?" मी म्हटलं, "तुझ्यासाठी भंगार. माझं अन्न आहे ते. धू." त्यानं धुतले. मोटार उचलायला दोघं लागले. तिच्याखालची फरशी बाकीच्या फरशीपेक्षा नवी दिसत होती, पट्टी काढल्यावर आतली कातडी दिसते तशी. दगड मात्र मी दिले नाहीत. ते दोन्ही भिंतीला लावून ठेवले.

कार्डं आणायला आम्ही दोघी मुलाच्या टेम्पोतून शहरात गेलो. नाणं काढायला जी कार्डं लागतात तीच म्हणे पोरांच्या कॉम्प्युटरवरच्या खेळांना लागतात, आणि तिथे एक खेळांचं दुकान बंद होत होतं. अंधारी खोली, खुर्च्यांची कातडी फाटलेली, भिंतींना सगळीकडे लुकलुकते दिवे. मालक तिशीतला, कानात बाळी. सुनेनं पिशवीतून आपला स्क्रूड्रायव्हर काढला तसा तो हसला.

"ताई, ही शिवणयंत्रं नाहीत. भाऊसाहेबांना पाठवायचं."

सुनेच्या तोंडात त्याच्याच कार्डाचे स्क्रू होते. ती एक एक कार्ड नाकाशी धरायची, जळका वास येतो का बघायची. मग त्याच्याच यंत्रात लावायला सांगायची, खेळ चालू करायला सांगायची, आणि पडद्याकडे टक लावून बघत बसायची. लढाई चाललेली असायची, माणसं मरत असायची, हिचं लक्ष भलतीकडेच. एका कार्डात चित्रावर हिरवे ठिपके उमटायला लागले. तिनं ते बाजूला सारलं. मालक म्हणाला, "ते असतंच तसं." ती म्हणाली, "हं हं." ते दुसरं हं नकाराचं, हे मला तिथे पक्कं कळलं.

शेवटी चार कार्डं निवडली, ती जोडायला एक जुना बोर्ड निवडला. भाव मात्र तो सोडेना. आता बोलायचं काम माझं होतं. मी त्याच्या दुकानाच्या पायरीवर, अगदी मधोमध बसले.

"मावशी, तिथे बसू नका, गिऱ्हाईक येतं."

"येऊ दे की. मी सांगते त्यांना, आत हिरव्या ठिपक्यांचा माल आहे."

"अहो मावशी!"

"तुझं दुकान बंद होतंय, माझं बंद होऊ नये म्हणून मी आलेय. दोन बंद पडणाऱ्या माणसांनी एकमेकांना लुबाडायचं नसतं, बाबा."

मग त्यानं भाव सोडला, वर कार्डं थंड ठेवायला दोन जादा पंखेही दिले. निघताना सुनेला म्हणाला, "तुमच्या सासूबाईंना इथे नोकरी द्यायला हवी होती. दुकान बुडालं नसतं." सगळं जुनं घेतलं, एक वस्तू तेवढी नवी कोरी घेतली. वीज वाटून देणारा सप्लायचा डबा. मी म्हटलं, हाही जुना मिळेल की. ती म्हणाली, "आई, याच्यात काटकसर केली तर घर पेटेल." मग मी पैसे मोजले. येताना टेम्पोत कार्डं आम्ही मांडीवर घेतली, दोन तिच्या, दोन माझ्या. खड्डा आला की मुलगा ओरडायचा, "धरा!" जुळ्या पोरांना घेऊन निघाल्यासारखं वाटत होतं.

सांगाडा सुतारानं केला. आता म्हातारा झालाय, कानांनी कमी ऐकतो, हात मात्र शाबूत आहे. धान्य ओतायची लाकडी पेटी होती ना जात्यावरची, तीच सुटी करून तिच्या पट्ट्यांचा सांगाडा केला. लाकूड हातांनी आणि दाण्यांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं. "हे कशासाठी?" त्यानं विचारलं. मी त्याच्या कानात ओरडले, "नवी गिरणी!" तो म्हणाला, "पक्ष्यांचा पिंजरा वाटतो." सुनेनं त्यात कार्डं उभी केली, मध्ये हात जाईल एवढं अंतर ठेवून. तारा बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या विकत आणायच्या नाहीत म्हणून बापाच्या दुकानातला मेणाचा दोरा आणला आणि अशा टाक्यांनी तारा बांधल्या की कोट शिवल्यासारखं दिसत होतं. मी शेजारी बसून स्क्रू वेगळे करून द्यायची, लांबडे इकडे, आखूड तिकडे. ती हात पुढे करायची, मी द्यायची, ती तोंडात धरायची. मी म्हणायची, "गिळशील एक दिवस." ती म्हणायची, "हं."

एकाच गोष्टीवरून आमचं वाजलं. ती म्हणाली, भिंती धुवायला हव्यात, वासे झाडायला हवेत, पीठ बसलंय सगळीकडे. मी म्हटलं, जमीन झाडली तेवढी पुरे. त्या भिंतींना हात लावायचा नाही. वरच्या वाशांवर जे पांढरं आहे ते काही मी एकटीनं दळलेलं नाही. त्यातलं कितीतरी आमच्या ह्यांच्या हातचं आहे. ती काही बोलली नाही. तोंडात स्क्रू होते. आणि मी समजले की मी जिंकले.

यंत्र सुरू केलं तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. मुलानं खटका ओढला. पंखे थरथरले, मग घरघरले, मग एकदम जोरानं फिरायला लागले. आणि खोलीत पीठ उठलं. आधी फरशीच्या भेगांतून, मग भिंतींवरून, मग वाशांवरून. पांढरं वादळ! मुलगा शिंकायला लागला, सुतार "आग! आग!" करत बाहेर पळाला, मी दारात उभी, डोळ्यांत पीठ, तोंडात पीठ. एवढ्या वर्षांचं पीठ वर उठून आमच्या अंगावर पडत होतं आणि ते पंखे त्यालाच आत ओढत होते. मग करपल्याचा वास आला. माझ्या हातचं पीठ कधी करपलं नव्हतं. ते असं करपलं.

सुनेनं खटका पाडला. नखशिखान्त पांढरी झाली होती, डोळे तेवढे काळे. ती यंत्रापुढे उकिडवी बसली आणि ओठांतले स्क्रू एक एक करून काढून जमिनीवर ठेवले. मला वाटलं, आता बोलेल. बोलायला पाहिजे होतं तिनं. मी असते तर सासूच्या सात पिढ्या काढल्या असत्या. ती फक्त म्हणाली, "आई, मऊ ब्रश आहे का? रंगाचा?"

मी ब्रश दिला. मग बादली भरून आणली, नाकाला फडकं बांधलं, शिडी लावली आणि वाशांपासून सुरुवात केली. मुलगा म्हणाला, "आई, उतर, मी करतो." मी म्हटलं, "तू टेम्पो चालव." वासे खरवडले, भिंती घासल्या, पुन्हा घासल्या. भिजलेलं पीठ खळीसारखं हाताला चिकटायचं, नखांत जायचं, वाळून कातडी ओढायचं. खांदे असे भरून आले की केस विंचरायला हात वर जाईना. धूत असताना खटक्याच्या वर, दाराशी, ह्यांचा हात टेकायचा तिथला डाग लागला. तेलकट, पंजाएवढा. तेवढी जागा मी सोडली. पीठ नव्हतं ते, यंत्राला त्याचा त्रास नव्हता. सून खाली बसून ब्रशानं एकेका पात्यातलं पीठ काढत होती. आम्ही दोघी दिवसचे दिवस एका खोलीत होतो आणि एक शब्द बोललो नाही. पण ते गप्प बसणं भांडणाचं नव्हतं.

भिंती वाळल्यावर यंत्र पुन्हा सुरू केलं. तीन कार्डांचे पंखे फिरले, चौथं अडून बसलं. बंद करा, चालू करा, दोन-तीनदा केलं तेव्हा कुठे ते जागं झालं. सून म्हणाली, "हे एक जरा रुसकं आहे." मला एक चिरका आवाज ऐकू येत होता. मी म्हटलं, "वंगण संपलंय कुठेतरी, मला कळतं." तिनं कान लावला, हसली. "वंगणाचा नाही, आई. विजेचाच आवाज आहे तो. नवीन असताना तुम्हांला जातंही ओरडल्यासारखं वाटलं असेल." वाटलं होतं. पण ते मी तिला कशाला सांगू? संध्याकाळी तिनं मोबाइलवर पहिली कणी दाखवली. शून्यापुढे शून्यं, शून्यांपुढे शून्यं, आणि शेवटी कुठेतरी एक आकडा, लाजून उभा राहिल्यासारखा. मी म्हटलं, "एवढंसं?" ती म्हणाली, "दाणा दाणा करूनच डबा भरतो." हे वाक्य माझं. मी गिऱ्हाइकांना म्हणायची. ही कधी ऐकत होती कोण जाणे.

भावजी आले ते ट्रक घेऊनच आले. भर दुपारी. मागे पोती उतरवायला दोन माणसं, बरोबर सुतार. आपला शब्द खरा करायला साक्षीदारही स्वतःच घेऊन आले होते. खोलीत पाऊल टाकलं आणि थबकले. भिंती पांढऱ्या नव्हत्या. जातं जागेवर नव्हतं.

"वहिनी, मोटार विकलीत? मग माझा प्रश्नच मिटला." मागे वळून हाक दिली, "उतरवा रे."

"चाक फिरतंय," सून म्हणाली.

"कुठलं?"

तिनं बोट दाखवलं. भावजी जवळ गेले, वाकून बघितलं, आणि हसायला लागले. ट्रकवरची माणसंही हसली.

"हे? अगं, हे पंखे. खिडकीच्या वाऱ्यावर फिरणाऱ्या भिंगऱ्या! यातून पीठ पडतं का?"

"मामंजी पीठ म्हणाले नव्हते," मी म्हटलं. "चाक म्हणाले होते. पीठ हवं असतं तर त्यांनी तुमच्या तोंडात घातलं असतं, तेवढं तरी गोड बोलणं कमी झालं असतं."

"वहिनी, शब्दाचा कीस काढू नका. बाबांना गिरणी म्हणायचं होतं. पोरांचं खेळणं नव्हे."

सुतार कानाला हात लावून उभा होता. त्याला काही ऐकू येत होतं की नाही देव जाणे. मी तोंड उघडलं, माझ्याकडे अजून पुष्कळ होतं. पण सून पुढे झाली. ओठांतले स्क्रू काढले आणि माझ्या हातात दिले. माझ्या हातात! आणि भिंतीशी जाऊन तिनं खटका पाडला.

पंखे मंदावले. थांबले. खोलीत एवढं शांत झालं की बाहेर ट्रकचं इंजिन निवतानाची टकटक ऐकू येत होती. खिडकी उघडीच होती, वारा येतच होता. एक पातं हललं नाही.

"काका, चाक थांबलं," ती म्हणाली. "आता खोली तुमची."

वेडी आहे का ही? ते चौथं रुसकं! बंद केलं की उठायला किती आढेवेढे घेतं ते हिला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मिळालेली खोली कशी घ्यावी ते भावजींना कळेना.

"आता बघा," ती म्हणाली, आणि खटका ओढला.

काही झालं नाही. मग एक हिरवा दिवा लागला. पहिलं फिरलं, दुसरं फिरलं, तिसरं फिरलं. चौथं उभंच. माझ्या मुठीत स्क्रू रुतत होते. मग चौथ्याचं पातं असं जरासं मागे गेलं, झोपेतलं माणूस कूस बदलतं तसं, आणि फिरायला लागलं. वारा खोलीभर आला, गरम वारा, दळताना यायचा तसा. भावजींच्या हातातली टेप फडफडली.

"लाईन तीच, खटका तोच, खोली तीच," सून म्हणाली. "खिडकी बंद करून बघायची असेल तर बघा."

सुतार पुढे आला. म्हातारा यंत्रासमोर उभा राहिला, त्यानं सांगाड्याच्या लाकडावर हात फिरवला, आपलंच काम तपासावं तसा. मग मोठ्यानं म्हणाला, बहिरी माणसं म्हणतात तसं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, "म्हातारा चाक म्हणाला होता! मी तिथे होतो! जातं नाही म्हणाला! आणि त्याचं चाकही खटक्यावरच फिरायचं, देवाच्या वाऱ्यावर नाही!"

भावजींनी टेप गुंडाळली. ती मध्येच अडकली, पुन्हा ओढावी लागली. दाराशी माझं स्टूल होतं, मी त्यावर जाऊन बसले, पाय पसरून. भावजींना बाहेर जायला वाट नव्हती.

"वहिनी," ते म्हणाले.

"भावजी, जरा पाय उचलून जा."

त्यांनी माझ्या पायांवरून पाय उचलला आणि गेले. सुटलेल्या अंगाला ते जरा जड गेलं. ट्रक मागे घेताना ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, उगाच. उंबऱ्याबाहेर पोचल्यावर भावजी पुन्हा वळले. "वहिनी, यातून सुटतं किती?" मी म्हटलं, "गिरणीवाल्याची दळणावळ विचारू नये, भावजी. पीठ गोड लागत नाही."

सुतार चहा पिऊन गेला. मुलगा टेम्पो घेऊन आला, सगळं ऐकलं आणि भिंतीला टेकून हसत बसला, ओल्या भिंतीला टेकावं तसा जपून. सून पुन्हा यंत्राशी बसली होती, चौथ्या कार्डाची काहीतरी खुटखुट करत. मागे न बघता तिनं हात पुढे केला. मी मूठ उघडली. स्क्रूंचे वळ तळव्यावर उमटले होते. एक एक करून तिच्या हातावर ठेवले, लांबडे आधी, आखूड मागून, आणि तिनं ते ओठांत धरले, रांगेनं.

मी म्हटलं, "इकडे बघ. शिंप्याची पोर म्हणून आणली होती तुला, आणि तोंड उघडत नाही म्हणून एवढे दिवस रोज बोलले. आता एकदाच सांगते, परत सांगणार नाही, आणि हं म्हणू नकोस, ऐक. उद्यापासून लोकांनी गिरणीवाली म्हणून हाक मारली तर मी वळणार नाही. ती हाक तुझी. तोंडात स्क्रू धर, खिळे धर, काय वाटेल ते धर. बोलायला मी आहे. तू फिरवत राहा."